प्रीपेड की कॉन्ट्रॅक्ट? आधी वर्षाचा हिशोब मांडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मोबाईलच्या नवीन प्लॅनबद्दल जे काही छापून येतं ते मी नेमाने वाचते, कारण घरातल्या पाच फोनची बिलं आणि रिचार्ज गेली कित्येक वर्षं मीच बघते. पण दरवेळी तेच असतं, महिन्याला इतके पैसे, इतके जीबी, इतके दिवस, आणि शेवटी एक वाक्य की कमी वापर असेल तर प्रीपेड घ्या, जास्त असेल तर कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दर महिन्याला बिल भरायचा करार. हे वाक्य चुकीचं आहे असं नाही, पण निम्मंच आहे, आणि त्या निम्म्यावर विसंबून मी स्वतः पैसे घालवलेत आणि माझ्या आईने तर तिचा नंबरच घालवलाय, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्य असेल तर छापा.

आधी आईचं सांगते. आईकडे दोन सिम होती, दोन्ही प्रीपेड. मधे ती दादाकडे राहायला गेली, तिथे जुन्या सिमला नीट रेंज यायची नाही म्हणून दादाने दुसरं सिम फोनमध्ये टाकलं आणि जुनं एका छोट्या पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. रिचार्ज संपला, कंपनीने मेसेज पाठवले असणार, पण ज्या सिमवर मेसेज येणार तेच ड्रॉवरमध्ये, मग ते वाचणार कोण. असं जवळजवळ वर्ष गेलं. एक दिवस मला काहीतरी विचारायचं होतं, तिचा नवा नंबर एंगेज लागत होता म्हणून सवयीने 'आई जुना' वर फोन लावला, आणि पलीकडून एक अनोळखी माणूस बोलला, हॅलो, कोण पाहिजे? माझ्या स्क्रीनवर आईचं नाव, आईचा फोटो, आणि आवाज भलत्याच माणसाचा. मी दोन-तीन सेकंद काही बोललेच नाही. तो बिचारा चांगला होता, म्हणाला की मी नवीनच कार्ड घेतलंय, तुमच्यासारखे बरेच फोन येतात मला.

नंतर लक्षात आलं की आईचं बँकेचं खातं त्याच नंबरला जोडलेलं होतं. म्हणजे ओटीपी गेला तर त्या माणसाकडे जाणार. मेलचा पासवर्ड बदलायचा तरी कोड तिकडेच, मेसेजिंगचं अकाउंट त्याने उघडलं तर आईच्या ग्रुपमधले लोक त्याच्याशी बोलणार. सगळं बदलून घ्यायला आम्हाला पाच-सहा आठवडे लागले, प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, आधी जुन्या नंबरवर आलेला कोड सांगा. कस्टमर केअरला फोन केला तर ते म्हणाले की नंबर नियमाप्रमाणे परत घेतलाय आणि दुसऱ्याला दिलाय, आता काही होणार नाही. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, नंबर मोजकेच असतात, न वापरलेले पुन्हा वाटले जातात, हे जगभर असंच चालतं. पण आईला सिम देताना ही गोष्ट एकानेही सांगितली नव्हती.

आता माझं. मी कॉन्ट्रॅक्ट घेतलं होतं, २४ महिन्यांचं, फोनसकट. हातात नवा फोन, सुरुवातीला जवळजवळ काहीच द्यायचं नाही, मग दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यातून आपोआप जाणार. हे मला सोयीचं वाटलं आणि खरं सांगायचं तर ते सोयीचं होतंच, एकरकमी फोन घ्यायला त्यावेळी पैसे नव्हते. २४ महिने संपले. काहीच झालं नाही. फोन चालू, बिल चालू, खात्यातून रक्कम जातेय. आठ महिन्यांनी एका रात्री खात्याचं स्टेटमेंट बघताना ती ओळ दिसली आणि मी जुने कागद काढले, तर कॉन्ट्रॅक्ट केव्हाच संपलेलं, आणि मी अजून फोनच्या हप्त्यासकट पैसे भरत होते. फोन तर पूर्ण फिटलेला. तरी हप्ता चालूच, कारण बिलावर हप्ता आणि सेवा असं वेगळं लिहिलेलंच नव्हतं, सगळं मिळून एकच आकडा.

वही घेऊन बसले आणि हिशोब मांडला. खरे आकडे सांगण्यापेक्षा प्रमाण सांगते म्हणजे कुणालाही स्वतःचे आकडे घालून बघता येतील. समजा फोनची किंमत १०० आहे. कॉन्ट्रॅक्टचे महिन्याला ७ जात होते, तर २४ महिन्यांचे झाले १६८. तोच फोन मी रोख घेतला असता आणि तेवढ्याच डेटाचा नुसता सिमचा प्लॅन महिन्याला अडीचला घेतला असता तर १०० अधिक ६०, म्हणजे १६०. फरक आठचा. दोन वर्षं उधारीवर फोन वापरायचे आठ जास्त गेले, याबद्दल माझी तक्रार नाही, उधारीला व्याज लागतंच. पण मुदत संपल्यावरच्या आठ महिन्यांत, दर महिन्याला साडेचार जादा, असे ३६ गेले. फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि त्या बदल्यात मला काहीही मिळालं नाही. कॉन्ट्रॅक्ट महाग पडलं ते त्या २४ महिन्यांमुळे नव्हे, पंचविसाव्या महिन्यापासून महाग पडलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की प्रीपेड आणि कॉन्ट्रॅक्ट यातला खरा फरक कोण किती बोलतं यात कमी आणि कोण काय विसरतं यात जास्त आहे. प्रीपेडमध्ये आपण विसरलो तर सेवा बंद होते. कॉन्ट्रॅक्टमध्ये आपण विसरलो तर पैसे जात राहतात. आई विसरली तर नंबर गेला, मी विसरले तर पैसे गेले. प्लॅन घेण्याआधी माणसाने स्वतःला हे विचारावं की यातलं कुठलं विसरणं मला परवडेल, जीबी वगैरे त्याच्यानंतर.

आणि हे काही योगायोगाने झालेलं नाही, दोन्हींची रचनाच तशी आहे. मोबाईल आला तेव्हा सगळेच महिन्याच्या बिलावर होते. आपण बोलायचं, यंत्र प्रत्येक कॉलची नोंद ठेवणार, महिना संपला की नोंदी एकत्र करून बिल. म्हणजे कंपनी आधी उधार देते आणि मागाहून वसूल करते, म्हणून तिला तुमचा पत्ता लागतो, खातं लागतं, उधारी फेडाल की नाही हे तपासावं लागतं. ज्यांच्याकडे हे कागद नाहीत, ज्यांचं उत्पन्न ठरलेलं नाही, त्यांना फोनच मिळायचा नाही. १९९५ साली पोर्तुगालमध्ये टीएमएन कंपनीने 'मिमो' नावाने प्रीपेड आणलं, जगातल्या अगदी पहिल्या प्रीपेड सेवांमध्ये ते धरलं जातं, आणि त्यानंतर काही वर्षांतच प्रीपेड सगळीकडे पसरलं, कारण आधी पैसे घेतले की उधारीचा प्रश्नच उरत नाही. पण त्यासाठी नेटवर्कला कॉल लागण्याआधी आणि कॉल चालू असताना बॅलन्स तपासत राहावं लागतं आणि बॅलन्स संपला की त्याच क्षणी कॉल तोडावा लागतो. म्हणून प्रीपेड थांबतं आणि कॉन्ट्रॅक्ट चालत राहतं. लाखो लोकांच्या हातात फोन आला तो या प्रीपेडमुळे, हे मला मनापासून मोलाचं वाटतं, त्यामुळे प्रीपेडला कुणी कमी प्रतीचं म्हटलं की मला ते आवडत नाही.

आता हिशोबाच्या गोष्टी, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नव्हे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज होतात, १२ नाही, आणि कॅलेंडरच्या महिन्याने चालणाऱ्या कॉन्ट्रॅक्टशी तुलना करताना तो तेरावा रिचार्ज धरला नाही तर प्रीपेड आठ टक्क्यांनी स्वस्त असल्याचा भास होतो. ८४ दिवसांचा प्लॅन लोक तीन महिन्यांचा समजतात, पण तो चारदा मारला तर ३३६ दिवस होतात, वर्षाचे २९ दिवस उरतात, आणि त्या २९ दिवसांसाठी परत एक रिचार्ज. म्हणून माझी पद्धत साधी आहे, प्लॅनच्या किमतीला दिवसांनी भागायचं आणि ३६५ ने गुणायचं. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे. असा वर्षाचा आकडा काढला की दोन प्लॅन समोरासमोर ठेवता येतात.

डेटाचंही तसंच. रोज २ जीबी म्हणजे २८ दिवसांत ५६ जीबी असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं, पण रोजचा न वापरलेला डेटा रात्री बारा वाजता संपतो. ज्यांचा वापर आठवडाभर जेमतेम आणि सुट्टीच्या दिवशी भरपूर आहे त्यांना महिन्याचे एकत्र ३० जीबी जास्त उपयोगी पडतात, ५६ पेक्षाही. व्हिडिओच मुख्य खातो, साध्या क्वालिटीत तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडीत ३ जीबीपर्यंत जातो, बाकी मेसेज, नकाशा, मेल हे सगळं त्यापुढे किरकोळ. आणि मर्यादा संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएस होईल असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. त्याचा अर्थ सेकंदाला ८ किलोबाईट, म्हणजे ४ एमबीचा एक फोटो यायला आठ मिनिटांहून जास्त. याला अनलिमिटेड म्हणणं मला पटत नाही.

स्वतःचा वापर किती हे दुकानातल्या माणसाला विचारू नका, फोनच सांगतो. अँड्रॉईडमध्ये सेटिंग्जमध्ये डेटा युसेज बघा, बिलाची तारीख तिथे घालता येते आणि मागचे महिने पण दिसतात. आयफोनमध्ये जो आकडा दिसतो तो आपण शेवटचं रिसेट केलं तेव्हापासूनचा असतो, त्यामुळे कित्येकांना तिथे प्रचंड आकडा दिसतो आणि वाटतं बापरे आपण इतकं वापरतो, आणि मग गरज नसताना मोठा प्लॅन घेतात. एक महिना आधी रिसेट करून ठेवा आणि मग बघा. आमच्या घरात हे केलं तेव्हा पाचपैकी तीन फोनवर आम्ही घेतलेल्या डेटाच्या पाव हिस्सासुद्धा वापर नव्हता, कारण तिघेही दिवसभर वायफायवरच असतात.

कॉन्ट्रॅक्टच्या बाजूने पण सांगायलाच पाहिजे. ज्यांचा धंदा फोनवर आहे, ज्यांचा फोन भर दुपारी बॅलन्स नाही म्हणून बंद पडून चालणार नाही, जे सारखे परदेशात जातात, त्यांच्यासाठी कॉन्ट्रॅक्ट निवांत पडतं. घरातल्या चार-पाच जणांचं एकत्र बिल केलं की बऱ्याचदा दर माणशी खर्च खाली येतो. काही नेटवर्कवर तर गर्दीच्या वेळी स्वस्त आणि प्रीपेड प्लॅनवाल्यांचा डेटा आधी हळू केला जातो, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं, ते वाचलं पाहिजे. आणि म्हातारी माणसं. आईला आता आम्ही सगळ्यात लहान कॉन्ट्रॅक्टवर टाकलंय, नुसतं सिमचं, फोनशिवाय, दर महिन्याला दादाच्या खात्यातून आपोआप पैसे जातात. प्रीपेडपेक्षा वर्षाला थोडे जास्तच जातात. पण तिचा नंबर तिच्याकडे राहील, आणि माझ्या मते त्यासाठी ते जास्तीचे पैसे देण्यासारखे आहेत. लोक सांगतात की वयस्कर माणसांना प्रीपेडच बरं, वापर कमी असतो ना, आणि मीसुद्धा आईला तेच सांगितलं होतं.

उलट मुलांच्या हातात प्रीपेड. याचं कारण नुसता खर्चावर लगाम एवढंच नाही, तर कॉन्ट्रॅक्टच्या नंबरवर गेममधली खरेदी किंवा कसलंतरी सबस्क्रिप्शन थेट मोबाईल बिलात चढू शकतं. हे बंद करून मिळतं, पण आपण सांगितल्याशिवाय बरेचदा करत नाहीत. प्रीपेडमध्ये जास्तीत जास्त जाईल ते टाकलेलं बॅलन्स, त्यापुढे काही जाऊ शकत नाही.

फोनसकट कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्यांना एक विनंती आहे. पूर्वी फोन दोन वर्षांत जुना व्हायचा, त्यामुळे २४ महिने झाले की नवा फोन, नवं कॉन्ट्रॅक्ट, हे चक्र निदान समजण्यासारखं होतं. आता तसं राहिलं नाही. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलंय. फोन सात वर्षं चालणार असेल तर दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टनंतरची पाच वर्षं तुम्ही काय भरणार आहात हा प्रश्न सही करण्याआधीच विचारायला हवा. मुदत संपायची तारीख त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, एक महिना आधीची आठवण लावून. बिलात फोनचा हप्ता वेगळा आणि सेवेचा आकार वेगळा दाखवणार का ते विचारा. मधेच सोडलं तर किती भरावं लागेल ते आकड्यात लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं धरू नका. आणि फोन त्या एकाच नेटवर्कला लॉक आहे का, तो कधी उघडणार, हेही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेटवर्क न तपासता कॉन्ट्रॅक्टवर सही करू नका. त्याच कंपनीचं प्रीपेड सिम आधी महिनाभर वापरून बघा, घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर, कामाच्या जागी, रोजच्या प्रवासात. आता बहुतेक फोनमध्ये दोन सिम चालतात, ईसिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, असेल तर कार्डही बदलायला लागत नाही, त्यामुळे जुना नंबर चालू ठेवून हे करता येतं. एका महिन्याचा रिचार्ज वाया गेला तरी चालेल पण २४ महिने खिडकीत उभं राहून बोलायला लागू नये. माझ्या मावसबहिणीने हे केलं नाही आणि दोन वर्षं ती प्रत्येक फोनला गॅलरीत धावायची.

कॉन्ट्रॅक्टमध्ये दर कायम राहील असंही धरून चालू नका, दर वाढवायची मुभा कंपनीने अटींमध्ये ठेवलेली असते. ब्रिटनमध्ये तर कंपन्या महागाईच्या आकड्यावर दरवाढ बांधायच्या, म्हणजे सही करताना पुढच्या वर्षी किती भरायचंय हे कुणालाच माहीत नसायचं. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने १७ जानेवारी २०२५ पासून नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये हे बंद केलं, दर वाढवायचा असेल तर किती पैशांनी आणि कधी ते सही करण्याआधीच स्पष्ट सांगायचं. मुदत संपत आली की ग्राहकाला कळवायचं हा नियम त्यांनी २०२० पासूनच लागू केला होता. युरोपियन युनियनच्या २०१८ च्या टेलिकॉम कायद्यातही सुरुवातीलाच ग्राहकाला २४ महिन्यांपेक्षा जास्त बांधता येत नाही आणि मुदत संपण्याआधी कळवावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला माझे ते आठ महिने आठवले. एक मेसेज आला असता तर ते पैसे वाचले असते, एवढी छोटी गोष्ट आहे ही.

म्हणून संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या पेपरात प्लॅनची जी तुलना येते त्यात तीन रकाने वाढवा. एक, ३६५ दिवसांचा एकूण खर्च. दुसरा, मुदत संपल्यावर आपण काहीच केलं नाही तर काय होतं, म्हणजे पैसे जात राहतात की सेवा थांबते. आणि तिसरा, रिचार्ज न केल्यास नंबर किती दिवसांनी जातो. हा तिसरा आकडा मी आजवर कुठल्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरात पाहिलेला नाही, आणि आजकाल बँकेपासून दवाखान्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत सगळं नंबरावर चालतं तर तो आकडा जीबीच्या आधी छापला गेला पाहिजे. तुमच्या बातमीदारांनी कंपन्यांना विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल, आम्ही विचारलं तर आम्हाला संगीत ऐकवतात.

आईचा जुना नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही, फक्त नाव बदललंय, चुकून लागू नये म्हणून. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरात असं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल तर आजच बाहेर काढून फोनमध्ये घाला, व्हॅलिडिटी बघा, आणि बँकेत कुठला नंबर दिलाय ते तपासा.

आपली नियमित वाचक